मामाच्या मानाची मुंडी

लहान पोराची अक्कल वाढवायला जे जे लागतं ते सगळं मी एकदा स्वतः खाऊन संपवलेलं आहे.

कसं ते सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, मला कोणी शिकवायला येऊ नये. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे. दुसरीत मी शाळा सोडली का शाळेने मला सोडलं, यावर मास्तरांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. पण मिठागरात भरतीचं पाणी केव्हा घ्यायचं आणि केव्हा अडवायचं, हे मला कुठल्या मास्तराने शिकवलं? कोणी नाही. तेव्हा गोमाला येत नाही असं या जगात थोडंच आहे. (गोमा म्हणजे मी.)

आमचं गाव माजिवड्याच्या पुढे, खाडीला लागून. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झालेली. तेव्हा माजिवड्याला भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आता गाड्या ओरडतात. कोल्हे बरे होते, निदान हिरवा दिवा लागला म्हणून ओरडत नव्हते.

माझा मुलगा धोंडू तेव्हा चार पुरा करून पाचव्यात लागलेला. नवसाचं पोर, म्हणून नाव धोंडू. (नजर लागू नये म्हणून पोराला दगडाचं नाव ठेवायचं आणि मग त्या दगडात अक्कल घालायला धावायचं, असा आमचा कारभार!) नवस होता म्हणून त्याचे केसही कापलेले नव्हते. दोन वेण्या घालून हिंडायचा. आमच्याकडे पाचव्या वर्षी, गावदेवीसमोर, मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात.

तर ठाण्यात नौपाड्याला मालतीबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी आपल्या घराच्या पडवीत शिशुवर्ग काढलेला. त्यात चार-पाच वर्षांची पोरं खेळत खेळत शिकायची. आमच्या गावातलं एकही पोर तिथे गेलेलं नव्हतं. मी एके दिवशी पारावर बसून जाहीर करून टाकलं, "माझा धोंडू जाणार!" झालं! आता तो गेला नाही तर माझं नाक कापलं जाणार. आणि नाक ही तर आमच्या घराण्यात एकच मोठी गोष्ट आहे.

त्याच सुमाराला मालतीबाई आमच्या गावात आल्या. देवळात बाया जमवून बोलल्या. पुरुषांना बोलावणं नव्हतं, म्हणून मी खांबाच्या मागे बसलेलो. बाई म्हणाल्या, "मुलाचा मेंदू पहिल्या पाच वर्षांतच झपाट्याने वाढतो. त्या वयात पोटात जे जातं त्यावर तो पोसतो. पेज, डाळ, नाचणी, पालेभाजी, अंडं, मासळी, जे तुमच्या घरात आहे ते रोज वेळेवर द्या. मी स्वतः मासळी खात नाही, पण तुम्ही जरूर द्या. मुलांशी बोला. त्यांना चार पोरांत खेळू द्या."

सगळं मी कान देऊन ऐकलं. पहिलं वाक्य पटलं. बाकीचं नाही.

घरी आल्यावर माझी बायको हिरा म्हणाली, "अवो, बाई पेज द्या बोलली."

"पेज बैल पण पितो. बैल पाढे म्हणतो काय?"

"मासळी द्या बोलली."

"मासळी मी जन्मभर खाल्ली. मी कुठे मामलेदार झालो?"

हिराने चुलीत लाकूड सारलं. "ते पण खरंच," म्हणाली.

बाई शिकलेल्या होत्या, पण गरिबांपुढे बोलायचं म्हणून त्यांनी स्वस्तातलं खाणं सांगितलं असणार, हे मी ओळखलं. मेंदू काय पेजेवर वाढतो? मोठ्या लोकांची पोरं काय खातात? बदाम! तूप! मी ठाण्याला जाऊन बदामांचा डबा भरून आणला, तुपाची बरणी आणली, खडीसाखर आणली. सकाळ-संध्याकाळ बदाम वाटून तुपात कालवायचे आणि धोंडूला चाटवायचे. वर साय. पेज, भाकरी, सुकट बंद! त्याच्या पोटात जागा कशाला अडवायची?

धोंडूचे गाल वर आले. डोळे खाली गेले. आधी दिवसभर कोंबड्यांच्या मागे पळायचा, आता कोंबड्या त्याच्या अंगावरून जायच्या. मी रोज संध्याकाळी त्याची अक्कल मोजायचो.

"धोंडू, गाईला पाय किती?"

धोंडू जांभई द्यायचा.

"बघ," मी हिराला म्हणालो, "विचार करतोय."

"झोप करतोय," हिरा म्हणाली. "पोट जड झालंय त्याचं."

"पोट नाही, मेंदू! आत भर पडली की जड होणारच."

दिवाळी झाल्यावर त्याला घेऊन मी नौपाड्याला गेलेलो. बाईंनी दारातच त्याच्या वेण्यांवरून हात फिरवला. "अगं बाई, किती गोड मुलगी! नाव काय हिचं?"

"धोंडू."

बाईंनी वेण्यांवरचा हात काढला. धोंडूला चटईवर बसवलं, पुढे लाकडी ठोकळे ठेवले, एक लाकडी हत्ती ठेवला. "बाळ, यातलं तुला काय आवडतं?" धोंडूने हत्ती जवळ ओढला. मी छाती पुढे काढली. धोंडूने हत्ती आडवा केला, त्यावर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला!

बाई म्हणाल्या, "याने सकाळी काय खाल्लंय?"

मी वाटच बघत होतो. "बदाम, तूप, खडीसाखर, साय!"

"आणि पेज? भाकरी?"

"छ्या! तसलं हलकं आम्ही देत नाही."

"अहो, याला अन्न द्या हो!" बाई म्हणाल्या. "जूनच्या वर्गात माझ्याकडे एकच जागा उरली आहे. पाडवा झाला की परत आणा. तेव्हा हा जागा असला तर घेईन. नाहीतर ती जागा दुसऱ्याला."

धोंडूला खांद्यावर टाकून परत आलो. पारावरच्या मंडळींनी हटकलंच.

"काय गोमा, झाला का पोरगा साहेब?"

"बाई बोलल्या, एवढं हुशार पोर एकदम घेतलं तर बाकीची पोरं घाबरतील. पाडव्यानंतर घेऊ."

पण मनात घोर लागला. बदाम कमी पडतायत हे उघड होतं. मग एके रात्री जेवताना मला साक्षात्कार झाला. गुडघे दुखले तर माणूस बकऱ्याचे पाय उकळून पितो. रक्त कमी झालं तर कलेजी खातो. पायाला पाय, रक्ताला कलेजी, मग डोक्याला काय? भेजा! मेंदू वाढवायचा तर मेंदूच खायला घालायचा! एवढी सोपी गोष्ट त्या शिकलेल्या बाईंना सुचू नये?

आणि बकरा तर घरचाच होता. माघात धोंडूचं जावळ, त्यासाठी नवसाचा बकरा वर्षभर पाळलेला. अडचण एकच. मुंडी माझी नव्हती.

आमच्या भाऊकीत चाल आहे. जावळाच्या बकऱ्याची मुंडी हा पोराच्या मामाचा मान. पोराच्या डोक्यावर जे काही विघ्न असेल ते त्या मुंडीत उतरतं. मामाने ती नव्या टोपलीत घालून आपल्या घरी न्यायची, चार जाणती माणसं बसवून, वरवंट्याने फोडून, आतला भेजा स्वतः खायचा. मामाने खाल्लं की भाच्याचं विघ्न गेलं. आणि धोंडूचा मामा म्हणजे हिराचा भाऊ चांगो, शीळचा. शीळफाट्यावरून बैलगाडी गेली तरी 'मला विचारून गेली काय' असं म्हणणारा माणूस. (आमचं कधी पटलं नाही. दोघंही तसेच.)

पण विचार केला, चाल मुंडीची आहे. आतलं पांढरं मऊ भेजाच आहे का, हे कोण बघत बसतं?

जावळाच्या दिवशी चांगो नवा फेटा बांधून आला. धोंडूला मांडीवर घेतला. न्हाव्याने वेण्या उतरवल्या, धोंडूने अर्ध्या ठाण्याला ऐकू जाईल असा सूर लावला. बकरा कापून झाला. मुंडी भाजून साफ करायचं काम मी मोठ्या प्रेमाने मागून घेतलं.

"अवो, तुमी?" हिरा म्हणाली. "घरात कधी कांदा सोललाव नाय तो?"

"आज पोराचा दिवस आहे!"

मुंडी घेऊन मी पेंढ्याच्या उडव्यामागे गेलो. मानेकडच्या भोकातून बांबूची काडी घालून, हळूहळू, सगळा भेजा वाटीत काढला. आता मुंडी हातात घेतली तर हलकी लागायला नको. आत काहीतरी पांढरं, मऊ भरायला हवं. चुलीपाशी हिराने पाहुण्यांच्या भाकऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळून ठेवलेली. पांढरी! मऊ! देव देतो तेव्हा परातीत मळून देतो. मी दाबून दाबून भरली.

"अवो, परातीतली उकड कुठं गेली?"

"कुत्र्याने नेली."

"आनि कुत्र्यानं परात धुवून ठेवली?"

मी मुंडी टोपलीत ठेवायला पळालो. चांगो टोपली डोक्यावर घेऊन वाजत-गाजत शीळला गेला. पाहुणे पांगल्यावर मी भेजा 'खाटकाकडून आणलाय' सांगून हिराकडून लसूण-मिरची घालून परतून घेतला आणि वाटी घेऊन धोंडूसमोर बसलो. धोंडूने वाटीत बघितलं आणि दातखीळ बसवली.

"हे बघ, एक घास काऊचा!" म्हणून मी खाऊन दाखवला. चांगला झालेला. "एक घास चिऊचा!" तोही मीच खाल्ला. मग मोराचा, मग पोपटाचा. धोंडूचा घास आला तेव्हा वाटी रिकामी होती. बोटाला थोडं लागलेलं, ते मी त्याच्या ओठाला पुसलं. त्याने चाटलं. (चाटलं! हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगो अंगणात उभा. फेटा नव्हता.

"दाजी, बकरा कुठला व्हता?"

"घरचाच. का?"

"त्याच्या डोक्यात पीठ व्हतं."

"काही काही बकऱ्यांचं असतं. जातीवर आहे."

"जातीवर? शीळची चार जाणती मानसं जेवाला बसलेली. सगल्यांसमोर मी वरवंटा घातला. आतून भाकरी निघाली! भाकरी, दाजी! आमचा म्हातारा काका बोलतो, चांगो, या भेज्याबरोबर वाटीभर कालवण दे!"

मी हसलो नाही. (पोटात हसलो.) पण पाठीमागे हिरा फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण तिला ती धुतलेली परात आठवली असणार.

"भेजा कुठं गेला, दाजी?"

"धोंडूसाठी काढला. पोराचा मेंदू वाढवायचाय. तुम्हाला नाही कळायचं, शिकलेल्यांच्या गोष्टी आहेत."

"आनि पोराच्या डोक्यावरचं विघ्न? ते मी न्यायचं व्हतं. मी काय नेलं? पीठ! विघ्न तुमच्याच घरात राह्यलं! आता माझा भाचा या घरात एक घटका राहनार नाय. अख्खी मुंडी, आत भेजा असलेली, माझ्या दारात आणा. तवा पोरगा न्या!"

असं म्हणून त्याने धोंडूला खांद्यावर घेतलं. मी बघतो तर हिरा गाठोडं बांधतेय.

"तू कुठे चाललीस?"

"मी पोराची आय हाय," हिरा म्हणाली. "मुंडीची नाय."

"जा!" मी ओरडलो. "मी न्यायला येणार नाही! खाडी आटली तरी येणार नाही!"

खाडी आटली नाही. घरातलं जेवण मात्र आटलं. मला चूल पेटवता येते, पण तिच्यावर काय करायचं ते येत नाही. शेजारच्या बाया हिराच्या बाजूच्या, कोणी भाकरी देईना. मग बदामांचा डबा दिसला. बदाम शिजवावे लागत नाहीत. तूपही शिजवावं लागत नाही. सकाळी बदाम-तूप, दुपारी तूप-बदाम, रात्री खडीसाखर. माझे गाल वर आले. एका दुपारी मिठागराच्या बांधावर असा गाढ झोपलो की पाण्याची उघाडी, म्हणजे बांधातलं दार, बंद करायची राहिली आणि भरतीचं पाणी तयार मिठात शिरलं. गडी बोंबलत आले.

"दादा, मीठ गेलं! पानी शिरताना तुमी व्हतात कुठं?"

"विचार करत होतो," मी म्हणालो.

धोंडूला असंच व्हायचं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं का? नाही. मी ते खाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

पाडवा जवळ आला. पारावर रोज प्रश्न. "काय गोमा, नौपाड्याला कधी जायचं?" "गोमा, वर्गात पोराला घेतात का बापाला?" घरात पोर नाही, बाईंकडे जागा एकच, आणि चांगो काही नमणार नाही. आता एक नाक वाचवायला दुसरं कापून घ्यायला हवं होतं. मी खाटकाकडून अख्खी मुंडी घेतली, नव्या टोपलीत घातली आणि भल्या सकाळी निघालो.

होडीने खाडी ओलांडली, कळव्याला उतरलो आणि मागे एक कुत्रं लागलं. मुंब्र्याला पोचेपर्यंत त्याचे भाऊबंद आले. शीळफाट्याला वळलो तेव्हा पुढे मी, डोक्यावर टोपली आणि मागे कुत्र्यांची अख्खी वरात! शीळची पोरं ओरडत पुढे पळाली, "मामा, ओ मामा, दाजी आयले! वऱ्हाड घेऊन आयले!"

चांगोने चार जाणती माणसं आधीच बसवलेली. (याला कळलं कसं? हिराने सांगितलं असणार. नवरा किती दिवस बदामावर काढेल याचा हिशेब तिचा पक्का होता.) चांगोने मुंडी उचलली, कानाशी धरून हलवली, मानेच्या भोकातून आत एक डोळा लावून बघितलं. म्हाताऱ्या काकानेही बघितलं. मग शिजवली. मग सगळ्यांसमोर वरवंटा. आत भेजा निघाला.

"हाय!" काका म्हणाला. "या बकऱ्याला हाय!"

मानाप्रमाणे चांगोने त्यातलं नखभर तोंडात टाकलं, विघ्न गिळलं. आणि बाकीचा सगळा भेजा उचलून माझ्या ताटात वाढला.

"खा, दाजी."

"अहो, मान तुमचा..."

"मान माजा. गरज तुमची."

शीळ गाव हसत होतं आणि मी जेवत होतो. पान टाकून उठावं इतका राग आलेला, पण बदाम खाऊन खाऊन जिभेला तिखटाची आठवण राहिलेली नव्हती. खाल्ला. सगळा खाल्ला.

तेवढ्यात अंगणातून एक गोटा केलेलं डोकं धावत आलं. हातात अर्धा भाजलेला बोंबील, तोंडाला नाचणीची आंबील. मागे मामाची चार पोरं. "बाबा! किसन बोलतो चिंबोरीला आठ पाय. मी मोजले. नांग्या धरून दहा हायेत! मामी, पेज दे!" एका दमात एवढं बोलून परत पळाला. हा माझा धोंडू? जो हत्तीवर झोपलेला?

"काय खायला घातलंत याला?" मी मामीला विचारलं.

"घालताव काय? आमची पोरं खातात तेच. पेज, भाकरी, डाळ, सुकट, शेवग्याचा पाला. यांच्यात बसला की दोनदा मागतो."

हिरा माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. माझ्या बायकोचं न बोलणं शीळपासून ठाण्यापर्यंत ऐकू येतं. पण मी हार मानली नाही. माझ्या ध्यानात सगळं आलेलं. त्या दिवशी ओठाला लावलेलं त्याने चाटलं होतं ना? त्याचाच हा गुण! भेजा हळूहळू चढतो.

पाडव्यानंतर आम्ही तिघं नौपाड्याला गेलो. बाईंनी ठोकळे पुढे ठेवले. धोंडूने मोठे खाली, लहान वर, अशी बघता बघता मिठाची रास रचली. बाईंनी विचारलं, "बाळ, हात किती?"

"तुमचे का माझे?"

"दोघांचे मिळून."

धोंडूने आधी बाईंचे बघितले, मग आपले. "चार. पन तुमचा एक गुंतलाय, त्यात खाऊ हाय."

बाई खळखळून हसल्या आणि तो हात उघडला. जूनची जागा धोंडूची झाली. हिराने पदर डोळ्याला लावला. माझं नाक जागच्या जागी शाबूत होतं, वर थोडं लांबलंही असेल.

"या वेळी अगदी वेगळाच मुलगा आणलात," बाई म्हणाल्या. "काय खायला घातलंत?"

हिरा तोंड उघडणार, तेवढ्यात मी पुढे झालो. गप्प बसायला मला दुसरीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. "बाई, डबाभर बदाम, बरणीभर तूप आणि बकऱ्याचे दोन भेजे!"

बाईंचे डोळे मोठे झाले. "एवढं सगळं याने खाल्लं?"

"नाय," धोंडू खाऊ चावत म्हणाला. "बाबानं खाल्लं. मी पेज."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाजात कुठेही टोमणा नव्हता, उलट दयाच होती, म्हणून जास्त लागलं. "अहो, पण मी देवळात सांगितलं होतं ना... ते पाच वर्षांच्या आत खायचं असतं हो!"

त्याला आता जन्म लोटला. धोंडू शिकून मोठा साहेब झाला आणि माझ्याकडे कोणी कसलाही कागद घेऊन आलं की तोच पुढे होतो. विचारणारे मला अजून विचारतात, काका, तुमचं शिक्षण किती? मी खरं तेच सांगतो. शिक्षण, दुसरी. भेजे, दोन. आणि डोक्यातला तिसरा, तो होता तसाच आहे, अजून वापरलेला नाही.